टिकल्या, लोकल आणि पोटातला गोळा

"ताई, गोळा येतो म्हणजे नक्की काय येतं?"

शनिवारची संध्याकाळ होती. सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही नेहमीसारखे प्लास्टिकच्या खुर्च्यांचं कडं करून बसलो होतो आणि मी 'माझे कुटुंब' नावाचा धडा घ्यायच्या तयारीत होते. विचारणारी मुलगी मूळची केरळची, ठाण्यातल्या एका रुग्णालयात नर्स. तिच्याकडे खिशात मावणारी एक डायरी असते. वॉर्डात कानावर पडलेला आणि न कळलेला प्रत्येक मराठी शब्द ती मल्याळम लिपीत त्यात टिपून ठेवते. त्या दिवशी तिनं डायरी उघडून वाचायलाच सुरुवात केली. ठणका. कळ. चमक. उसण. मुंग्या. मळमळ. चुरचुर. पोट डब्ब झालंय. अंग मोडून आलंय. (या शेवटच्या वाक्यावर ती एक्स-रेची चौकशी करायला निघाली होती.) आणि मग गोळा. एका आजोबांच्या पोटरीत रात्री गोळा आला, तो तिला कळला, कारण आजोबांनी पोटरी घट्ट धरली होती. पण दुसऱ्या दिवशी एका पेशंटचा मुलगा म्हणाला, आईला आयसीयूत हलवताहेत म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. हिनं त्याला विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

हसून झालं, आणि मग मला माझ्या हातातल्या धड्याची लाज वाटली. 'माझे कुटुंब' या धड्यात काका होते, मामा होते, आत्याही होती. पण रात्रपाळीला एकटीनं पंचवीस-तीस मराठी पेशंट सांभाळणाऱ्या मुलीच्या कामाचं त्यात काही नव्हतं. धडा पिशवीत गेला. उरलेला तास आम्ही दुखण्यावर काढला. दोघा-दोघांच्या जोड्या. एकानं पेशंट व्हायचं, चिठ्ठीवर लिहिलेला त्रास तोंडाचा शब्द न वापरता अंगानं करून दाखवायचा, दुसऱ्यानं मराठीत ओळखायचं. उसण भरलेली कंबर आणि चमक मारणारी कंबर यांतला फरक एका तमिळ बँक अधिकाऱ्यानं इतका हुबेहूब करून दाखवला, की वॉचमनकाका दारात येऊन उभे राहिले.

हा वर्ग सुरू होऊन दोन वर्षं झाली. त्याला वर्ग म्हणायचं ते फळा आहे म्हणून. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतींमध्ये निम्मी घरं अमराठी. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी 'इथे राहता तर मराठी बोला' यावरून ठिणगी पडायची, दोन दिवस धूर व्हायचा आणि विझायचा. अशाच एका भांडणात बंगाली बाईंनी शांतपणे एक ओळ टाकली: शिकवणार कोण? मी तरुणपणी पुण्यात तीन वर्षं जर्मन शिकले होते आणि पत्रकारितेच्या धबडग्यात सगळं विसरले होते. पण भाषा परकी म्हणून शिकण्याचा अनुभव गाठीशी आहे, एवढ्या भांडवलावर मी हात वर केला. आज वर्गात सात-आठ जण नेमानं येतात: ही नर्स, तो तमिळ बँकवाला, बंगाली बाई, दिल्लीहून आलेला सॉफ्टवेअरमधला मुलगा, दरभंग्याचं एक जोडपं, आणि मध्येच उगवणारे आणखी दोघे.

पहिली चूक मी पहिल्याच दिवशी केली. पहिलीचं पुस्तक आणलं. भाषा शिकायची तर पहिलीपासून, असा आपला सरळ हिशेब. पण पहिलीत बसणारं मराठी मूल घरून अख्खी भाषा घेऊन आलेलं असतं. त्याला फक्त ती वाचायची-लिहायची असते. 'अननस' हा शब्द त्याला माहीत असतो, म्हणून तर त्यावरून 'अ' शिकवता येतो. ज्याला शब्दच माहीत नाही, त्याच्यासाठी ते पुस्तक म्हणजे चित्रांची वही. महाराष्ट्रात २०२० साली कायदा होऊन सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. इतर माध्यमांच्या मुलांसाठी बालभारतीची वेगळी 'सुलभभारती' आहे, हेही चांगलंच. तरी माझ्याच मजल्यावरचा आठवीतला एक मुलगा मराठीत समानार्थी शब्द धडाधड सांगतो, कवितेचा आशय पाठ म्हणून दाखवतो, आणि रिक्षावाल्याला 'डावीकडे घ्या' म्हणता येत नाही म्हणून हातवारे करतो. त्याचा दोष नाही. परक्या भाषेला आपण मातृभाषेचे कपडे घालतो आणि ते अंगाला बसत नाहीत म्हणून मुलाला रागावतो.

*

टिकल्यांची गोष्ट जर्मनमधून आली. जर्मन भाषेत मराठीसारखीच तीन लिंगं. पुण्यातल्या आमच्या बाई नामं तीन रंगांत लिहून घ्यायच्या आणि आम्ही मराठी मुलं कुरकुरायचो, की ही कसली भाषा, टेबलालाही लिंग! आपलं टेबल 'ते' आणि खुर्ची 'ती' असते, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मी स्टेशनजवळच्या दुकानातून टिकल्यांची तीन पाकिटं आणली. 'ती'ला लाल, 'तो'ला निळी, 'ते'ला हिरवी. गृहपाठ एकच: स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूवर योग्य रंगाची टिकली लावून या आणि फोटो पाठवा. पातेलं हिरवं, कढई लाल, तवा निळा. विळी लाल, सुरी लाल, चमचा निळा, ताट हिरवं, वाटी लाल. बंगाली बाईंच्या फ्रिजवर मात्र तिन्ही रंग होते आणि खाली एक प्रश्नचिन्ह.

बाईंची अडचण खरी होती. बंगालीत व्याकरणातलं लिंगच नाही, 'तो' आणि 'ती' या दोघांना सर्वनामसुद्धा एकच. त्यांनी विचारलं, फ्रिज 'तो' कसा झाला? कुणी ठरवलं? मोबाइल तो, बस ती, टेबल ते, या इंग्रजी पाहुण्यांना कोणत्या खोलीत उतरवायचं ते कोण ठरवतं? मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, त्यालाही नाही. वर 'वेळ' या शब्दानं तर माझीच विकेट काढली. जेवणाची वेळ झाली, आणि माझा वेळ फुकट गेला. एकच शब्द, घड्याळातला ठोका असेल तर बाई आणि खर्च होणारा असेल तर पुरुष. पन्नास वर्षं मी हे बिनचूक बोलत आले होते आणि मला ते ठाऊक नव्हतं.

दिल्लीच्या मुलाची तऱ्हा वेगळी. हिंदीत लिंग आहे, त्यामुळे तो निर्धास्त होता. तीन महिन्यांनी त्यानं ऑफिसात साहेबांना सांगितलं, "सर, मी उद्या लवकर येते." सगळा मजला हसला म्हणे. तो बिचारा माझंच ऐकून शिकत होता आणि मी बाई. मराठी 'मी' तोंड उघडताक्षणी आपण कोण आहोत हे सांगून टाकतो: येतो की येते, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. शिकवणारी बाई असेल तर वर्गातले पुरुष बायकांचं मराठी शिकतात, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले. तेव्हापासून वॉचमनकाका अधूनमधून पाहुणे शिक्षक म्हणून येतात. माणूस मूळचा साताऱ्याकडचा. ते म्हणाले, "म्या काय शिकवणार?" मी म्हटलं, तुम्ही फक्त दिवसभरात काय काय करता ते सांगा. त्यांनी सांगितलं आणि पोरांनी 'उठतो, येतो, बसतो' उचललं. 'म्या'सुद्धा उचललं, ते मी दुरुस्त केलं नाही.

नव्या माणसाला आता मी पहिला महिनाभर 'मी जातो-जाते'च्या वाटेला जाऊच देत नाही. आज्ञार्थानं सुरुवात करते. अमेरिकेतल्या जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली: शिक्षकानं सांगायचं, विद्यार्थ्यानं तोंड न उघडता फक्त तसं करायचं. लहान मूल आधी 'ये', 'बस', 'दे' ऐकत वागतं आणि बोलतं पुष्कळ नंतर, तसंच. मराठीला ही पद्धत अगदी फिट बसते, कारण आपल्या आज्ञार्थाला लिंग नाही. 'उठा' म्हटलं की बाईही उठते आणि बुवाही. उठा, दाराकडे जा, कडी काढा, पंखा लावा, पंखा बंद करा, चष्मा डोक्यावर ठेवा, शेजारच्याचा चष्मा तुमच्या डोक्यावर ठेवा. पंधरा मिनिटांत हॉलमध्ये धमाल उडते आणि मराठी बोलायची कुणावर सक्ती नसते. लोकांची जीभ आपोआप सुटते. बहुतेक वेळा दुसऱ्याला हुकूम सोडण्यासाठी.

*

मध्य रेल्वेचा नकाशा हे मराठीच्या सामान्यरूपाचं आजवरचं सर्वोत्तम पुस्तक आहे, असं मी म्हटलं तर व्याकरणवाले रागावतील. पण करून पाहा. मोठ्या कागदावर भायखळ्यापासून कल्याणपर्यंतची स्टेशनं काढा आणि प्रत्येकाला विचारा, 'कुठे उतरायचं?' भायखळ्याला. चिंचपोकळीला. परळला. दादरला. माटुंग्याला. कुर्ल्याला. घाटकोपरला. विक्रोळीला. भांडुपला. मुलुंडला. ठाण्याला. मी नियम सांगत नाही. फक्त थांबते. दरभंग्याच्या वहिनींनी दुसऱ्याच फेरीत तो पकडला: शेवटी 'आ' किंवा 'ए' असेल तर 'या' होतो, बाकी कुणी जागचं हलत नाही. मग खात्रीसाठी गाडी ठाण्याच्या पुढे नेली. तिथे ओळीनं तीन आकारान्त बसलेले आहेत. कळव्याला, मुंब्र्याला, दिव्याला. तिन्ही बरोबर! पुढे कोपरला, डोंबिवलीला, तेही बरोबर.

दिव्याला गाडी थोडी जास्त वेळ थांबवायची. कारण 'दिव्याला उतरा' म्हणणारा माणूस 'दिव्यात तेल घाला' हे न शिकवता म्हणू शकतो. मग डबा-डब्यात, रस्ता-रस्त्यात, चष्मा-चष्म्यात. स्टेशनातून बाहेर पडून गाडी घरात शिरते. फक्त कुणीतरी 'शाळा'चं 'शाळ्यात' करतं आणि रूळ बदलतात. इथे टिकल्या पुन्हा बाहेर येतात. निळ्या टिकलीचा 'आ' असेल तर 'या', लाल टिकलीचा 'आ' असेल तर 'ए'. शाळेत, भाषेत, हवेत. ज्या बाईंनी फ्रिजवर तीन टिकल्या लावल्या होत्या, त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा लिंगाला क्षमा केली, कारण त्याचा काही उपयोग असतो हे दिसलं.

लोकल आणखीही शिकवते आणि फुकट शिकवते. डब्यातली घोषणा आधी मराठीत येते, मग हिंदीत, मग इंग्रजीत. म्हणजे प्रश्न, त्याची सूचक खूण आणि उत्तर, रोज दीड तास. दिल्लीच्या मुलानं 'पुढील' हा त्याच्या आयुष्यातला पहिला मराठी शब्द तिथूनच उचलला. तो बरेच दिवस 'पुढील शनिवार भेटूया' असं घोषणेच्या सुरात म्हणायचा.

वेळापत्रकाचा उपयोग मात्र मला बंगलोरहून मिळाला. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर आणि मद्रासच्या परिसरातल्या साध्या सरकारी शाळांत एक प्रयोग केला. इंग्रजीचं व्याकरण शिकवायचं नाही, वाक्यं पाठ करायला लावायची नाहीत. मुलांना कोडी द्यायची, नकाशे द्यायचे, रेल्वेची वेळापत्रकं द्यायची आणि त्यातून उत्तर काढायला लावायचं. मुलाचं लक्ष उत्तरावर, आणि भाषा हाताखालचं हत्यार. प्रभूंनी या कामांची तीन प्रकारांत वाटणी केली. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी माहितीची फट. दिलेल्या गोष्टींवरून न दिलेली गोष्ट काढायची, अशी तर्काची फट. आणि तुला काय वाटतं, मला काय वाटतं, अशी मतांची फट. त्यांचा भर तर्कावर होता. १९८७ साली त्यांचं 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' हे पुस्तक आलं आणि जगभरच्या भाषाशिक्षकांत या प्रयोगाची चर्चा झाली. कामातून भाषा शिकवण्याच्या आजच्या पद्धतीचा इतिहास सांगताना हा 'बंगलोर प्रकल्प' वगळता येत नाही. आपल्याकडे मात्र त्या पद्धतीची पुस्तकं परदेशी प्रकाशकांकडून विकत घेतली जातात.

माझ्या वर्गातलं प्रभूंचं कोडं असं: बदलापूरला साडेदहाचं लग्न आहे. एक जण ठाण्याहून निघणार, दुसरा वाशीहून. दोघांनी एकत्र आहेर द्यायचा आहे, पाकीट एकाकडे आहे आणि पैसे दुसऱ्याकडे. वेळापत्रक प्रत्येकाकडे फक्त आपल्या मार्गाचं. कुठे भेटाल? या कोड्यावर दरभंग्याच्या नवरा-बायकोचं खरंखुरं भांडण झालं आणि ते मराठीत झालं. मला आणखी काय हवं!

'कालनिर्णय'चं असंच. १९७३ पासून निघणारं हे कॅलेंडर मराठीबरोबर इतर भाषांतही मिळतं. एकाच महिन्याचं मराठी आणि इंग्रजी पान दोघांना वाटायचं, पाठीला पाठ लावून बसवायचं. चतुर्थी कधी, सुट्टी कुठली, अमावास्या सुरू केव्हा, सगळं विचारत-विचारत एक वही भरायची. मागच्या बाजूच्या पाककृती म्हणजे तर आज्ञार्थाची खाण.

*

आता सुतळीचं सांगते.

'आपण' आणि 'आम्ही' यांत फरक आहे, हे मला कुणी विचारेपर्यंत माहीत नव्हतं. दिल्लीच्या मुलानं शेजारच्या कुलकर्णीकाकांना लिफ्टमध्ये सांगितलं, "आपण शुक्रवारी गोव्याला चाललोय." काका म्हणाले, "वा! मला आधी सांगितलं नाहीस?" त्याला 'आम्ही मित्र' म्हणायचं होतं. हिंदीत दोन्हीकडे 'हम'. मी फळ्यावर समजावायला गेले, तर स्वतःच अडकले. शेवटी कपाटातून सुतळी काढली. चौघांना उभं केलं. बोलणाऱ्यानं सुतळीनं गोल करायचा. ऐकणारा आत असेल तर 'आपण', बाहेर राहिला तर 'आम्ही'. 'आपण चहा घेऊ या' म्हणताना सुतळी समोरच्याच्या मागून फिरली पाहिजे. नाहीतर त्याला चहा मिळणार नाही.

सुतळी बांधून होईपर्यंत नर्स आणि तमिळ बँकवाला कंटाळून बसले होते. त्यांना हे पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. तमिळमध्ये 'नाम्' आणि 'नांगळ्' आहेत. मल्याळममध्येही अशीच जोडी आहे. त्यांच्या घरात ही सुतळी जन्मापासून आहे. 'मला भूक लागली', 'मला मराठी येतं' या आपल्या 'मला'वाल्या वाक्यांचंही तेच. इंग्रजीतून मराठी शिकणारा तिथे ठेचकाळतो. ही दोघं तमिळ-मल्याळममधून उचलून तसंच ठेवतात. उलट निर्जीव वस्तूंना लिंग द्यायची वेळ आली की दोघं चाचपडतात आणि दिल्ली-दरभंग्याची मंडळी पुढे सरसावतात. मराठीचं एक दार दक्षिणेकडे उघडतं आणि एक उत्तरेकडे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. माझ्या खोलीत ते खुर्च्यांवर येऊन बसलं. त्या दिवसापासून मी बसायची व्यवस्था बदलली. एका जोडीत एक दक्षिणेचा, एक उत्तरेचा. सुतळी एकानं शिकवायची, टिकल्या दुसऱ्यानं.

'ळ' वर तर आश्चर्यच झालं. काल आणि काळ, वेल आणि वेळ, मूल आणि मूळ अशा जोड्यांची कार्डं करून मी वाचते, त्यांनी ऐकलेलं कार्ड वर धरायचं. दाक्षिणात्यांची सगळी कार्डं बरोबर, हे अपेक्षितच होतं. पण दिल्लीचा मुलगाही एकही चुकेना. मी विचारलं, तर लाजत म्हणाला, घर मूळचं रोहतकचं, आजी हरियाणवी बोलते आणि 'काळा' असंच म्हणते. शाळेत मात्र तो आवाज गावंढळ म्हणून त्याला सोडायला लावला होता. पंचवीस वर्षांनी ठाण्याच्या एका सोसायटीत त्याला आजीचा 'ळ' परत मिळाला. नंतरच्या आठवड्यात त्यानं तिला व्हिडिओ कॉल लावून वर्गाला दाखवलं.

एवढ्या भाषा वर्गात असताना 'इथे फक्त मराठी' असा फलक लावणारे वर्ग मी पाहिलेत. मला तो कद्रूपणा वाटतो. घरची साधनं बाहेर चपलांजवळ ठेवून आत यायला सांगायचं.

*

मराठी परक्यांना शिकवण्याची हकिकत जुनी आहे आणि जराशी विनोदीही. कारण आरसा बहुतेक वेळा परक्यानंच आणलेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. त्याचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. कोंकणीचं पोर्तुगीजमधून लिहिलेलं त्याचं व्याकरण तो वारल्यावर, १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. छापलेलं, भारतीय भाषेचं पहिलं व्याकरण म्हणून त्याचा मान आहे. मग १८०५ मध्ये विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला निघालं. तेही बंगालात! कंपनीच्या साहेबांसाठी केलेल्या त्या पुस्तकाला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडलेले होते. दोनशे वर्षांपूर्वी कॅरीला कळलं होतं, की नियमांआधी माणसाला चार वाक्यांचं बोलणं हवं असतं. त्याच्यामागे वैजनाथ पंडित होते, हे मात्र आपण सहसा सांगत नाही. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं १८३६ मध्ये. तोवर आरसा तीनदा फिरून गेला होता.

आणि फलटण. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केली आणि इरावती कर्व्यांची लेक, लेखिका जाई निंबकर यांच्याबरोबर परकीयांसाठी मराठीची पुस्तकं तयार केली. १९७५ साली फिलाडेल्फियाहून निघालेलं त्यांचं 'अ मराठी रेफरन्स ग्रामर' माझ्या टेबलावर असतं. 'वेळ'सारख्या एखाद्या शब्दानं माझी विकेट काढली, की मी तिथे धावते. पुढे बर्नसन भारताच्या नागरिक झाल्या आणि त्यांनी फलटणलाच कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. परक्यांना मराठी शिकवणारी बाई शेवटी मराठी मुलांना वाचायला शिकवण्याकडे वळली. हा प्रवास मला उगाच वाटत नाही.

सरकारी पातळीवरही काही चाललेलं असतं, फक्त त्याचा गाजावाजा नाही. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे. इतर राज्यांतले शाळाशिक्षक तिथे दहा महिने राहून मराठी, गुजराती किंवा सिंधी शिकतात. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागानं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर 'मायमराठी' हा अभ्यासक्रम केला. जर्मन शिकवणाऱ्यांनी आपली हत्यारं मराठीला लावली. युरोपात भाषेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, बाजारहाट करता येण्यापासून वादविवाद करता येण्यापर्यंत. तसं पायऱ्यापायऱ्यांनी मराठीकडे पाहायचं. मला त्यातलं एवढंच पुरतं, की पहिल्या पायरीवर कविता नाही, दुकान आहे.

*

आकड्यांवर जास्त लिहीत नाही, दुखरा विषय आहे. एकोणसाठ म्हणजे साठच्या घरातला नाही, हे बँकवाल्याला पटेना. तमिळमध्ये सरळ पन्नास-नऊ. आणि एकोणतीस, एकोणचाळीस करत नव्वदीपर्यंत आलेली गाडी नव्याण्णवला अचानक नियम का मोडते, हे मलाही पटत नाही. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही वाचायची सोय केली, तेव्हा महाराष्ट्रानं ती सोय सुचवणाऱ्या मंगला नारळीकरांच्या समितीची काय थट्टा केली ते आठवतंय ना? थट्टा करणाऱ्यांत मीही होते. आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही हाउजी खेळतो, पाच रुपयांचं तिकीट. आकडे पुकारायची पाळी प्रत्येकावर येते. बँकवाला पुकारायला लागला की तास लांबतो, पण पैशाच्या खेळात कान किती तीक्ष्ण होतात ते बघण्यासारखं असतं.

सगळ्यांत अवघड गृहपाठ मात्र सोपा वाटतो. भाजी आणा, हिंदीचा शब्द न काढता. दिल्लीचा मुलगा पहिल्या आठवड्यात जिंकून आला. भाजीवाला जौनपूरचा, तीस वर्षं ठाण्यात. 'भेंडी कोवळी आहे का' म्हटल्यावर म्हणाला, "आजच आलीय, मोडून बघा ना साहेब." दोघं उत्तर हिंदुस्थानी, व्यवहार अस्सल मराठीत. हरला तो आमच्याच मजल्यावर. लिफ्टमध्ये त्यानं एका काकूंना विचारलं, "काकू, पाणी कधी... येणार... आहे?" दोन शब्दांमधल्या त्या श्वासात काकू हिंदीवर घसरल्या. "पाँच बजे आएगा बेटा." काकू प्रेमळच. आपण सगळेच तसं करतो. समोरच्याचा त्रास वाचवावा म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर 'मराठी बोला' लिहिणारे काकासुद्धा खाली पार्किंगमध्ये हिंदीच बोलतात, मी स्वतः ऐकलंय. वर्गानं मग पुठ्ठ्याचे बिल्ले केले: 'मी मराठी शिकतोय. थोडं थांबा.' बंगाली बाईंनी 'शिकतोय'चं 'शिकतेय' करून घेतलं, न सांगता. बिल्ल्यावरच्या 'थोडं थांबा'ला सोसायटीत अजून फारसा प्रतिसाद नाही, पण मागच्या आठवड्यात काकू खरंच थांबल्या. त्यांचा मजला आला, दार उघडलं, बंद झालं, तरी थांबल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरभंग्याच्या वहिनींनी उखाणा घेतला. स्वतः जुळवलेला, मी बघितलाही नव्हता. 'ठाण्याच्या लोकलला मिळाली मला सीट, आमच्या ह्यांचं मराठी अजून नाही नीट.' नवरा मागे वडी खात उभा होता. त्याला अर्थ लगेच कळला. म्हणजे उखाणा तितकासा खरा नाही.

नर्सची डायरी आता तिसरी आहे. परवा ती उशिरा आली, रात्रपाळी लांबली होती. म्हणाली, पहाटे एक बाई कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभ्या होत्या, गोळा आलाय म्हणत होत्या. हिनं जाऊन विचारलं, "काकू, पायात की पोटात?" बाई म्हणाल्या, पोटात. मग ही त्यांच्याजवळ बाकावर बसली.